कापड न कापता अंगाला बसणारे कपडे कसे विणतात? आदिवासी समाजांच्या विणकामाबद्दल विचारायचंय

धागेदोरे

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी कमरेला पट्टा बांधून विणायच्या मागावर विणते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधायचं, दुसरं आपल्या कमरेमागून घेतलेल्या पट्ट्याला, आणि आपण मागे रेललो की ताणा घट्ट, पुढे झुकलो की सैल. चौकट वगैरे काही नाही. आत्तापर्यंत यावर पट्टे, झोळ्या, आसनं असं सरळसोट काम केलं, आता अंगात घालायचं काहीतरी विणायचंय आणि घोडं इथंच अडलंय.

कारण शिवणाच्या पुस्तकातला कुठलाही कुर्ता बघा, मुंढ्याला गोल काप, गळ्याला गोल काप, खांद्याला उतार. इतकं खपून विणलेल्या कापडाला कात्री लावायची म्हणजे जीवावर येतं, आणि हे नुसतं भावनेचं नाही, हातविणीचं जाडसर कापड कापलं की कडेने धागे सुटायला लागतात, मग इंटरलॉक करा, अस्तर लावा, आणि एवढं सगळं केल्यावर त्या कापडाचं पडणं, झुळझुळणं सगळं जातं. शिवाय माझ्या मागावर रुंदी हातभरापेक्षा जास्त मिळत नाही, कारण धोटा, म्हणजे आडवा धागा गुंडाळलेली काडी, दोन्ही हातांनी इकडून तिकडे द्यायचा असतो.

आता दुसरी बाजू बघा. ग्वाटेमालातल्या माया बायका, पेरूतल्या डोंगरातली माणसं, नागा लोक, यांचे फोटो बघत बसले तर जवळपास सगळे कपडे आयताकृती तुकड्यांचे दिसतात. कुठे गोल काप दिसत नाही आणि तरी ते अंगावर इतके छान बसतात. हे कसं जमवतात? गळा कुठून काढतात, हात कुठून बाहेर येतात, अरुंद माग असून रुंदी कशी मिळते? आणि हे फक्त कापड वाया जाऊ नये म्हणून आहे की अजून काही? ज्यांनी यातलं वाचलंय, बघितलंय, केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. आणि यातली एखादी नक्षी मी माझ्या कापडात घेतली तर चालेल का, हेही विचारायचं होतं.

सूतकताई

धागेदोरे ताई, फार आवडीचा विषय काढलात.

काटकसर आहेच, पण खरं कारण मागातच आहे. गिरणीचं किंवा पायमागाचं कापड लांबच लांब विणलं जातं, त्याला दोन बाजूंना काठ असतात आणि दोन टोकं कापलेली. माया किंवा आंदेसमधल्या, म्हणजे पेरूकडच्या डोंगरांतल्या, कमरेच्या मागावर ताणा हा एकच सलग धागा असतो, इकडून तिकडे गुंडाळत नेलेला, त्यामुळे दोन्ही टोकांना धाग्याचे फास तयार होतात. ते फास टोकाच्या दांडीला वेगळ्या दोरीने बांधतात आणि पहिला बाणा, म्हणजे आडवा धागा, अगदी त्या फासातूनच घालतात. म्हणजे टोकाला दशा उरतच नाहीत. चारही बाजू बंद, असं कापड मागावरून उतरतं.

हे करताना शेवटी काय होतं ते तुम्ही विणकर आहात म्हणून सांगते, तुम्हाला लगेच कळेल. एका टोकाकडून चार बोटं विणायचं, मग अख्खा माग उलटा करायचा आणि दुसऱ्या टोकाकडून विणत यायचं. दोन्ही विणी जवळ यायला लागल्या की मधली जागा कमी कमी होत जाते, आधी ठोकायची रुंद लाकडी पट्टी बसेनाशी होते, मग बारीक पट्टी घ्यायची, मग नुसती काडी, आणि शेवटचे बाणे चक्क सुईने एकेक धागा वरखाली करत घालायचे. त्या शेवटच्या पट्ट्यात नक्षी बऱ्याचदा थांबवलेली असते किंवा वीण थोडी विरळ दिसते. म्युझियममध्ये जुनं कापड दिसलं की आधी हा पट्टा शोधा, विणणारीने कुठे काम संपवलं ते नेमकं कळतं.

आता एवढं करून चारही काठ मिळवल्यावर त्याला कात्री कोण लावेल? कपड्याची लांबी किती, पट्ट्याची रुंदी किती, खांद्याची घडी कुठे येणार, हे सगळं ताणा लावतानाच ठरलेलं असतं, शिंप्याचं निम्मं काम तिथेच होऊन जातं.

ग्वाटेमालाचा हुईपील घ्या, म्हणजे बायका वर घालतात तो. दोन किंवा तीन पट्टे शेजारी शेजारी ठेवून उभे जोडायचे, खांद्यावर घडी घालायची, बाजू शिवायच्या आणि हातापुरती जागा सोडायची, झालं. दोन पट्ट्यांचा असेल तर मधल्या शिवणीत गळ्याइतकी फट सोडता येते, तीन पट्ट्यांचा असेल तर मधल्या पट्ट्यात गळा काढावा लागतो, आणि तिथे मात्र बऱ्याच गावांत कापतात आणि मग कड भरतात. मुंढा लागत नाही कारण पट्ट्यांची एकूण रुंदी खांद्यापेक्षा जास्त असते, ती दंडावर उतरते आणि तीच बाही होते. खाली तो हुईपील घागऱ्यात खोचतात, वरून विणलेला पट्टा घट्ट गुंडाळतात, आणि कपडा अंगाला बसतो तो त्या पट्ट्यामुळे.

जोड लपवत नाहीत हे विशेष. पट्टे जोडायला रांदा नावाची जाड भरगच्च शिवण घालतात, रंगीत, कधी कधी दोन बोटं रुंद, आणि ती नक्षीचाच भाग होते.

चिचिकास्तेनांगो गावचा जुन्या पद्धतीचा हुईपील तर मुद्दाम बघा. गळ्याभोवती काळ्या कापडाची टोकं टोकं लावलेली असतात, सूर्याच्या किरणांसारखी, आणि पुढे, मागे आणि दोन्ही खांद्यांवर एकेक गोल. सपाट अंथरला तर नुसता नक्षीदार आयत दिसतो. बाईने डोकं बाहेर काढलं की ती बरोबर त्या सूर्याच्या मध्ये येते आणि चार गोल चार दिशांना जातात. टेबलावर ठेवून ही नक्षी समजणारच नाही, ती अंगावरच पुरी होते.

आणि मेक्सिकोचा केच्केमित्ल तर तुम्ही आत्ता कागदावर करून बघू शकता. दोन सारखे लांबट आयत घ्या. पहिल्याची आखूड बाजू दुसऱ्याच्या लांब बाजूला एका टोकाशी जोडा, आणि दुसऱ्याची आखूड बाजू पहिल्याच्या लांब बाजूला तशीच. उचलून धरलंत की मध्ये आपोआप गळा तयार होतो आणि पुढेमागे टोक लोंबतं. एकही काप नाही! प्वेब्ला राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या काही गावांत तर याच्याही पुढे जाऊन कोपरा मागावरच गोल विणतात, ताण्याचे काही धागे सोडवून वळवतात आणि ते बाणा म्हणून वापरतात, त्यामुळे खांद्यावर येणारा भाग गोलाईनेच विणून निघतो. सरळ मागावर गोल कापड, मला तर विणकामातली ही सगळ्यात मोठी करामत वाटते.

उभाआडवा

सूतकताईंनी माया बाजू छान लिहिलीय, मी आंदेस आणि उत्तर अमेरिकेतल्या दिने म्हणजे नावाहो लोकांबद्दल लिहितो.

पेरू बोलिव्हियात बायका खांद्यावरून घेतात ती चौकोनी शाल, ल्यिक्या, ही जवळजवळ नेहमी दोन तुकड्यांची असते. रुंदीचा प्रश्न त्यांनी असा सोडवलाय. दोन अर्धे वेगवेगळे विणायचे आणि मध्ये जोडायचे. पण हे ऐकायला सोपं आहे. दोन्ही अर्ध्यांची लांबी सारखी आली पाहिजे, पट्टे आरशासारखे समोरासमोर आले पाहिजेत, आणि दुसरा अर्धा विणायला घेताना पहिला मागावर नसतो, त्यामुळे हाताचा ठोका आणि कमरेचा ताण दोन्ही वेळा सारखाच लागतो. तुम्ही या मागावर विणता म्हणजे हे किती कठीण आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ठोकायला लामाच्या हाडाचं टोकदार हत्यार वापरतात, त्याने एकेक ओळ इतकी दाबून बसवतात की बाणा दिसतच नाही, वर दिसतो तो सगळा ताणा. म्हणजे रंगांचा सगळा हिशोब विणायला बसायच्या आधीच ताण्यात मांडून ठेवायचा.

त्या शालीच्या कडेला एक गोष्ट असते ती जवळून बघण्यासारखी आहे. कुस्कोजवळच्या चिंचेरो गावात शालीच्या कडेला एक बारीक नळीसारखी पट्टी असते, त्यावर डोळ्यांची नक्षी. ही पट्टी आधी विणून मग शिवलेली नसते, ती विणता विणताच शिवली जाते, म्हणजे बाण्याचा धागा सुईत असतो आणि प्रत्येक फेरीला तो शालीच्या कडेतून जातो, दरवेळी एकाच बाजूने, त्यामुळे पट्टी वळून नळी होते. कड झिजत नाही आणि झिजलीच तर फक्त ती पट्टी बदलायची, शाल तशीच राहते. या भागातलं काम टिकावं म्हणून निल्दा काल्यान्याउपा यांनी 1996 मध्ये कुस्कोला पारंपरिक कापडांचं केंद्र काढलं, तिथे आजूबाजूच्या गावातल्या विणकर बायका काम करतात.

गळ्याबद्दल विचारलंय म्हणून, इंका काळातले पुरुषांचे अंगरखे असायचे, उन्कू, त्यांच्यात गळ्याची चीर मागावरच सोडलेली असायची. पोंचो म्हणजे डोक्यातून घालायचं पांघरूण, त्यालाही तसंच, दोन पट्टे जोडताना मध्ये डोक्यापुरती फट.

आता दिने लोक. त्यांचा माग उभा असतो, पण तिथेही ताणा सलग आणि चारही काठ बंद, आणि शेवटचे बाणे तिथेही सुईनेच. बायकांचा जुना पोशाख, बील, म्हणजे एकसारखे दोन जाड पट्टे, एक पुढे एक मागे, खांद्यावर आणि बाजूने जोडलेले, कमरेला पट्टा. मधला भाग काळा किंवा गडद तपकिरी आणि वरखाली लाल पट्ट्यात नक्षी. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं पांघरायचं ब्लँकेट, ज्याला व्यापारी लोक चीफ ब्लँकेट म्हणायला लागले. त्याच्या नंतरच्या प्रकारात मध्ये एक पूर्ण चौकट असते, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, काठांच्या मध्यावर अर्धी अर्धी आणि चार कोपऱ्यांत पाव पाव. भिंतीवर टांगलेलं बघून वाटतं की नक्षी कडेला अर्धवट तोडलीय. पण खांद्यावरून पुढे घेऊन मिटलं की दोन कडा समोर जुळतात, अर्ध्याला अर्धी लागून छातीवर पूर्ण चौकट उभी राहते, पाठीवर मधली असतेच. विणताना त्या बाईच्या डोक्यात सपाट कापड नव्हतं, पांघरून उभं असलेलं माणूस होतं.

1864 मध्ये अमेरिकी सैन्याने या लोकांना घरदार, मेंढरं सगळं सोडायला लावून बोस्के रेदोंदोपर्यंत (न्यू मेक्सिकोतली छावणी) चालवत नेलं, 1868 ला परत येऊ दिलं. त्यानंतर गिरणीचं कापड आलं, व्यापाऱ्यांनी पांघरुणाऐवजी गालिचे मागायला सुरुवात केली, आणि अंगावर घ्यायचं कापड जमिनीवर गेलं. आज लोकांना नावाहो म्हटलं की गालिचाच आठवतो याचं मला फार वाईट वाटतं.

धागेदोरे

बापरे, काय लिहिलंय दोघांनी! कागदाचे आयत घेऊन केच्केमित्ल करून बघितला, खरंच गळा तयार होतो. आणि चौकटी छातीवर जुळतात हे वाचून तर मी जागेवरून उठून चादर पांघरून बघितली.

एक शंका. हे सगळं सरळ कापड आहे, खांद्यावर ढिलं पडणारं. पण जिथे थंडी आहे, वारा आहे, कापड अंगालगत हवं, खांद्याला उतार हवा, तिथे काय करतात? न कापता आकार देणं शक्य आहे का?

रानकापूस

शक्य आहे, आणि न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी ते केलंय, तेही मागाशिवाय.

माओरी झगे म्हणजे कोरोवाई वगैरे बोटांनी विणतात. जमिनीत दोन खुंट्या रोवायच्या, त्यात एक आडवी दोरी ताणायची, त्या दोरीवरून ताण्याचे धागे खाली लोंबत सोडायचे, आणि बाण्याच्या दोन किंवा चार धाग्यांना पीळ देत देत एकेक ताणा त्यात अडकवत जायचं. धागा हाराकेके नावाच्या झाडाच्या लांब पातीतून काढतात, शिंपल्याच्या कडेने पात खरवडली की आतला रेशमासारखा तंतू मोकळा होतो. पाती काढतानाही नियम आहे, मधला कोवळा कोंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पानं कधी तोडायची नाहीत, ते बाळ आणि आईबाप मानतात, बाहेरचीच पानं घ्यायची.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खांद्याच्या आणि कमरेखालच्या भागात ते अर्धवट लांबीच्या जादा ओळी घालतात, अहो पोका म्हणतात त्यांना. ओळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न नेता मधूनच परत फिरवायची. मधल्या भागात ओळी जास्त झाल्या की तिथे कापड फुगतं आणि कडेला आखूड राहतं, त्यामुळे झगा खांद्यावर बसतो आणि मागून नीट पडतो. स्वेटर विणणाऱ्यांना हे लगेच कळेल, मोज्याची टाच करताना अर्ध्यातून सुया फिरवतात त्यातलाच प्रकार. जुना झगा कुठला कसा घालायचे हे ठरवायला अभ्यासक या जादा ओळी कुठे आहेत ते शोधतात, कारण त्या जिथे असतील तिथे खांदा.

अलास्काच्या किनाऱ्यावरचे त्लिंगित लोक चिल्कॅट झगा करतात, तोही असाच वरून खाली पिळाच्या विणीने. ताणा डोंगरी बकरीच्या लोकरीचा, आत पिवळ्या सीडर झाडाच्या सालीचा तंतू घालून वळलेला, त्यामुळे भक्कम. झग्याची खालची कड सरळ नसते, मध्ये जास्त खाली उतरते, आणि त्यासाठी काही कापत नाहीत, मधले ताण्याचे धागे आधीच लांब मोजून घेतात. नक्षीत अंडाकार डोळे आणि वळणदार रेषा असतात, आडव्याउभ्या विणीत गोल डोळा काढणं म्हणजे काय आहे ते विणणाऱ्यालाच कळेल. पूर्वी पुरुष लाकडी फळीवर नक्षी रंगवून द्यायचे, डावीउजवी बाजू सारखीच असल्यामुळे अर्धी आणि थोडी जास्त एवढीच, आणि बायका ती बघून पूर्ण विणायच्या. एका झग्याला वर्ष सहज जातं. खाली लांबच लांब झालर सोडतात आणि नाचताना ती हलते, म्हणून शांत उभ्या माणसाच्या अंगावर हा झगा अर्धाच दिसतो.

जपानच्या उत्तरेचे आइनू लोक अत्तुश नावाचं कापड करतात, एल्म झाडाच्या आतल्या सालीचं, आणि विणतात ते तुमच्यासारखंच कमरेच्या मागावर. साल भिजवून पापुद्रे सुटे करायचे, बारीक चिरायचे, गाठी मारून लांब धागा करायचा. त्यांचे पट्टे कापतात, पण सरळ रेषेतच. गळा, बाहीचं तोंड, खालची कड, पाठ इथे गडद सुती कापडाच्या पट्ट्या लावून वर भरतकाम करतात. उघड्या जागांमधून वाईट शक्ती आत येऊ नये म्हणून तिथे नक्षी, असं सांगतात, आणि विणणारीच्या दृष्टीने बघितलं तर कपडा आधी झिजतो तोही तिथेच, तिथे दुहेरी कापड आलं की तो टिकतो. निबुतानी गावच्या अत्तुशला 2013 मध्ये जपान सरकारने पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली.

जुनीघडी

सगळं वाचलं, फार सुंदर माहिती. फक्त एक सांगावंसं वाटतं, हे लोक कापतच नाहीत, बाहेरचं काही घेतच नाहीत असा समज यातून व्हायला नको.

ग्वाटेमालाच्या बायका हुईपीलखाली जो घागरा घालतात, कोर्ते, त्याचं कापड पायमागावर विणलेलं असतं, तो माग स्पॅनिश लोकांबरोबर आला आणि त्यावर मुख्यतः पुरुष विणतात. साल्काखा गाव तर धागा आधी बांधून रंगवण्याच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे एकाच बाईच्या अंगावर वरचं कापड कमरेच्या मागाचं आणि खालचं पायमागाचं, आणि दोन्ही तिचंच. दिने विणकरांनी व्यापारातून आलेलं लाल लोकरी कापड उसवून त्याचे धागे काढले आणि ते आपल्या ब्लँकेटमध्ये घातले, तो लाल रंग आज म्युझियममध्ये सगळ्यात मोलाचा मानतात.

आणि पनामाच्या गुना बायकांचा मोला बघा. तो विणकामच नाही, दोन तीन रंगांची विकतची कापडं एकावर एक ठेवून वरचं कापायचं, कडा आत दुमडून शिवायच्या आणि खालचा रंग दाखवायचा. सगळी कला कात्रीतच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पनामाच्या सरकारने हा पोशाख बंद पाडायचा प्रयत्न केला, आणि 1925 ला गुना लोकांनी जो उठाव केला त्याच्या कारणांत ही पोशाखावरची सक्तीही होती. विकतच्या कापडाचा कपडा, पण त्यासाठी माणसं लढली. म्हणून मला जुनं किती आणि शुद्ध किती हे मोजत बसणं पटत नाही, कोण करतंय आणि कोणासाठी करतंय ते बघावं.

ओडिशात कोटपाडचं कापड आहे, त्याचे विणकर मिरगाण समाजाचे, आणि ते पिढ्यानपिढ्या आजूबाजूच्या आदिवासी गावांसाठी विणत आलेत. आल नावाच्या झाडाच्या मुळाचा लाल आणि तपकिरी रंग, लोहाचं क्षार घातलं की काळपट. घालणारा एक समाज, विणणारा दुसरा, आणि नक्षी दोघांच्या मिळून ठरलेली. 2005 ला त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हेही या विषयातच येतं असं मला वाटतं.

नीळ

नक्षी घेतली तर चालेल का, हा प्रश्न मागे पडलाय, त्यावर लिहिते, कारण माझ्या दृष्टीने तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

तंत्र शिका, बिनधास्त शिका. चार काठांचं कापड, रांदा, अर्धवट ओळी, दोन अर्धे जोडणं, हे विणकामाचं ज्ञान आहे आणि जगात बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या लोकांनी आपापलं शोधलंय. पण नक्षीचं तसं नाही. काही नक्ष्या म्हणजे ओळखपत्र असतात. आओ नागा लोकांची त्सुंगकोतेप्सू शाल घ्या, तीन पट्टे जोडून केलेली, मधला पांढरा पट्टा आणि त्यावर काळ्या रंगाने मिथुन (गव्यासारखं जनावर), हत्ती, वाघ, कोंबडा, भाला, माणसाचं डोकं असं रंगवलेलं. ही शाल कोणी अंगावर घ्यायची हे ठरलेलं होतं, ज्याने लढाईत पराक्रम केला किंवा मिथुन देऊन अख्ख्या गावाला मोठं जेवण घातलं त्यानेच. प्रत्येक चित्रामागे ते कमावलेलं असणं आहे. ती नक्षी उशीच्या खोळीवर छापलेली बघून त्या लोकांना काय वाटत असेल?

हे नुसतं वाटण्यापुरतं राहिलेलं नाही. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरात सांता मारिया त्लाउइतोल्तेपेक गाव आहे, मिहे लोकांचं. त्यांच्या भरतकामाच्या ब्लाउजसारखाच ब्लाउज पॅरिसच्या एका फॅशन ब्रँडने काढला तेव्हा 2015 मध्ये गावाने उघड निषेध केला. नावाहो नेशनने त्यांचं नाव लावून कपडे विकणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीवर 2012 ला केस केली, 2016 ला तडजोड झाली. पनामाने मात्र 2000 सालीच आदिवासी समाजांच्या सामूहिक हक्कांसाठी कायदा केला, मोला त्यात येतो. ग्वाटेमालात माया विणकर बायकांची संघटना देशाच्या सर्वोच्च घटना न्यायालयात गेली, आणि 2017 ला न्यायालयाने संसदेला अशा कायद्याचा विचार करायला सांगितलं. मेक्सिकोत जानेवारी 2022 पासून केंद्राचा कायदा आहे, समाजाची नक्षी व्यापारासाठी वापरायची तर समाजाची संमती लागते.

यात अडचण कुठे येते बघा. कॉपीराइटचा कायदा विचारतो की हे कोणी काढलं आणि कधी काढलं. हुईपीलच्या नक्षीला एक मालक नाही, एक तारीख नाही, आजीकडून नातीकडे आली आणि प्रत्येकीने थोडी बदलली. म्हणून ती कोणाचीच नाही असं धरून कंपन्या उचलतात, आणि त्या बाया म्हणतात की ही आमच्या सगळ्यांची आहे. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

तुम्ही घरी शिकण्यासाठी एखादी नक्षी विणून बघितलीत तर मला त्यात वावगं वाटत नाही. पण विकणार असाल तर नका घेऊ. आणि घरातही ज्या नक्षीला मान किंवा पद आहे, जसं ती आओ नागा शाल किंवा त्लिंगित लोकांची कुळचिन्हं, ती सोडून द्या. त्यांच्याच विणकरांकडून एखादं कापड विकत घ्या, त्यातून डोळ्यांनी शिकायला जास्त मिळतं.

धागेदोरे

नीळ, अगदी स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. मग नक्षी माझी स्वतःचीच, साधे पट्टे. रचना अशी ठरवतेय की दोन पट्टे, मध्ये उभी जोडशिवण, गळ्याला फट, खांद्यावर घडी, रुंदी दंडावर उतरवायची आणि बाजू काखेपर्यंतच शिवायच्या. पण फट मधल्या शिवणीत ठेवली की गळा उभ्या चिरेसारखा होतो, डोकं जाईल पण गळ्याशी टोचेल असं वाटतंय. आणि चिरेच्या टोकाला ताण येऊन तिथूनच उसवेल का?

सूतकताई

टोकाला ताण येणारच, घालता काढता सगळा जोर तिथे पडतो. चिरेच्या दोन्ही टोकांना आडवे घट्ट टाके घालून गाठीसारखी पट्टी करा, काजाच्या टोकाला करतात तशी, आणि जोडशिवण सुरू करताना पहिलं बोटभर दाट घ्या. चीर बरोबर मध्यावर ठेवू नका, खांद्याच्या घडीपासून पुढे जास्त आणि मागे अगदी थोडी, म्हणजे कपडा मागे ओढला जाणार नाही आणि गळ्याला टोचणार नाही.

गळा आडवा हवा असेल तर मात्र वेगळी सोय लागते, मधला पट्टा घ्यावा लागेल, म्हणजे तीन पट्टे. उभी चीर पट्ट्याच्या पोटात हवी असेल तर चिरेच्या लांबीइतकं दोन वेगळ्या धोट्यांनी विणायचं, डावीकडचा डावीकडूनच परत, उजवीकडचा उजवीकडूनच, आणि चीर संपली की पुन्हा एकच धोटा. दोन्ही कडांना आपोआप काठ मिळतो. दोन्ही बाजूंचा ठोका सारखा ठेवा, नाहीतर एक बाजू लांब होते.

उभाआडवा

आणि ताणा लावायच्या आधी त्याच धाग्याचा वीतभर नमुना विणून, धुऊन, वाळवून मोजा. मागावर ताणलेलं असताना जी लांबी दिसते ती उतरवल्यावर कमी होते आणि धुतल्यावर आणखी कमी होते, रुंदीही आत जाते. चार काठांच्या कापडात नंतर जोडायला काहीच उरत नाही, त्यामुळे ती घट आधीच ताण्यात धरावी लागते. दोन्ही पट्टे एकाच ताण्यात लागोपाठ न लावता वेगवेगळे लावणार असाल तर पहिल्याची मोजपट्टी दोरीवर गाठी मारून ठेवा, दुसरा विणताना ती शेजारी ठेवून जुळवत जाता येतं.

धागेदोरे

दोरीवर गाठींची युक्ती झकास. नमुना आजच लावते, धुऊन मोजलं की आकडे इथेच टाकते, मग ताणा किती धरायचा ते सांगा.